१२.६ आणि १४.२

‘बॅटरी गेली’ हा गाडीच्या आजारावरचा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त निकाल. सेल्फनं नुसतं कटकट केलं की सोसायटीच्या वॉचमनपासून शेजारच्या काकांपर्यंत कुणीही तो देऊन मोकळं होतं. बॅटरीवालाही देतो, कारण त्याच्या दुकानात विकायला बॅटरीच असते. एका पावसाळ्यात मीही तो निमूट मान्य केला. नाशिकमधल्या एका दुकानात जुनी बॅटरी दिली, नवी घेतली, आणि गाडी पहिल्या सेल्फला उठली. पाचव्या दिवशी रात्री ठाण्याला निघालो. इगतपुरीला पाऊस लागला, वायपर सुरू केले. काचेवर वाफ धरली म्हणून ब्लोअर लावला. कसारा घाट उतरताना हेडलाइट पिवळट होत चालले. मला वाटलं, धुकं आहे. मग वायपर अर्ध्या काचेवर रेंगाळायला लागले आणि खर्डीच्या अलीकडे इंजिननं मान टाकली. पाच दिवसांची बॅटरी पार रिकामी होती.

सकाळी शहापूरहून एक ऑटो इलेक्ट्रिशियन आले. साठीच्या पुढचे, कानाला पेन्सिल, गळ्यात दोरीनं बांधलेला पिवळा मल्टीमीटर. त्याची काच इतकी ओरखडलेली की आकडे तिरके धरून वाचावे लागत. त्यांनी आपल्या गाडीची बॅटरी केबलनं माझ्या बॅटरीला पंधरा मिनिटं जोडून ठेवली, इंजिन सुरू केलं, केबल काढल्या आणि मीटरची दोन टोकं बॅटरीच्या दोन खांबांना टेकवली. ११.८. मला रेस द्यायला सांगितली. आकडा वर जायच्या ऐवजी ११.७ झाला. ‘बघा साहेब,’ ते मीटर माझ्यापुढे धरत म्हणाले, ‘बॅटरी चांगलीच आहे. डायनामो चार्जिंग मारत नाही.’

या सगळ्या तपासणीला एक मिनिटही लागलं नव्हतं. ज्या दुकानात मी बॅटरी घेतली, तिथल्या काउंटरवरही तसाच मीटर पडलेला मला आठवत होता. त्याला कुणी हात लावला नव्हता. मीसुद्धा लावा म्हटलं नव्हतं.

ते ‘डायनामो’ म्हणाले, पण गाडीत होता अल्टरनेटर. जुने कारागीर अजूनही रेग्युलेटरला ‘कटआउट’ आणि अल्टरनेटरला ‘डायनामो’ म्हणतात. हे शब्द एका आधीच्या यंत्राचे आहेत. डायनामोत वीज तयार व्हायची ती फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये. म्हणजे गाडीला लागणारा सगळाच्या सगळा करंट फिरत्या भागावरून कार्बनच्या तुकड्यांमार्फत बाहेर काढावा लागे. कार्बन झिजायचे, ठिणग्या उडायच्या, आणि इंजिन संथ चालत असलं की डायनामो जवळजवळ काहीच द्यायचा नाही. संध्याकाळच्या गर्दीत दिवे लावून गाडी चार-पाच सिग्नलना थांबली की घरी पोचेपर्यंत बॅटरी थकलेली असायची.

यावरचा उपाय इंजिनिअरांना ठाऊक होता. वायरचं वेटोळं स्थिर ठेवायचं आणि आत चुंबक फिरवायचा. फिरत्या चुंबकानं वेटोळ्यात वीज उमटते, हे फॅरडेनं १८३१ मध्येच दाखवलं होतं. पण अशी निघणारी वीज उलटसुलट वाहणारी, एसी, आणि बॅटरीला हवी एका दिशेनं जाणारी डीसी. ती एका दिशेला वळवणारे जुने रेक्टिफायर साध्या गाडीच्या बॉनेटखाली सहज मावण्याजोगे नव्हते. सिलिकॉनचा नखाएवढा डायोड परवडण्याइतका स्वस्त झाला आणि अडचण सुटली. अमेरिकेत क्रायस्लरनं १९६० सालच्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर नेहमीचा म्हणून बसवला, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत डायनामो मागे पडला. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती अल्टरनेटर घेऊनच. डायनामो हे नाव मात्र गॅरेजमधून गेलं नाही, आणि जाऊही नये. माणसाला काम कळतं की नाही हे नावावरून ठरत नाही.

अल्टरनेटरच्या पोटात काय असतं ते थोडं नीट पाहू, कारण मीटरवरचा प्रत्येक आकडा तिथूनच येतो. मध्यभागी रोटर. हा कायमचा चुंबक नाही. त्याच्या वेटोळ्यातून तीन-चार अँपिअरचा करंट सोडला की तो चुंबक होतो. हा करंट दोन छोट्या कार्बनमधून आत जातो. डायनामोतले कार्बन सगळा भार वाहत, इथले नुसता चुंबक जागा ठेवतात, म्हणून वर्षानुवर्षं टिकतात. रोटरभोवती स्टेटर, त्यावर तारांची तीन वाइंडिंग. मागच्या बाजूला प्लेटवर बसवलेले सहा डायोड. आणि एक रेग्युलेटर.

या रेग्युलेटरचं काम पाहण्यासारखं असतं. इंजिन संथ चालताना मिनिटाला आठशे फेरे घेतं. अल्टरनेटरची पुली लहान असल्यामुळे तो तेव्हाच दोन हजारांच्या वर फिरत असतो, आणि हायवेवर त्याच्या तिप्पट-चौपट. वेग असा वरखाली होत असताना व्होल्टेज मात्र हललेलं चालत नाही. रेग्युलेटर बॅटरीकडे बघत राहतो आणि रोटरचा करंट सेकंदात कित्येक वेळा चालू-बंद करतो. व्होल्टेज चढलं की तोडतो, पडलं की सोडतो. दुधावर लक्ष ठेवून गॅस कमी-जास्त करणाऱ्या बाईसारखं.

आता आकडे. गाडीच्या बॅटरीत सहा घरं असतात. पूर्ण भरलेलं एक घर सुमारे २.१ व्होल्ट देतं, सहांचे मिळून १२.६. म्हणजे ज्याला आपण ‘बारा व्होल्टची बॅटरी’ म्हणतो ती नेमकी बारावर आली, तर ती पाऊणहून अधिक रिकामी आहे असं समजायचं. १२.४ ला तीन चतुर्थांश भरलेली, १२.२ ला अर्धी, ११.८ ला संपल्यात जमा. भरलेपणापासून रितेपणापर्यंतचं सगळं अंतर एका व्होल्टपेक्षाही कमी. म्हणूनच ‘हॉर्न वाजतोय ना, मग बॅटरी चांगली आहे’ या परीक्षेला काही अर्थ नाही. हॉर्न १२.६ ला वाजतो तसाच ११.९ लाही वाजतो, कानाला तो फरक कळत नाही.

भरलेल्या बॅटरीत आणखी वीज ढकलायची तर तिच्याहून वरच्या दाबानं ढकलावी लागते. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं तर पंपाचा दाब टाकीच्या पातळीच्या वर हवा, तसंच. त्यामुळे अल्टरनेटर चालू असताना बॅटरीच्या खांबांवर साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवं. शहापूरच्या त्या कारागिरांनी हेच पाहिलं. त्यांना ११.८ या आकड्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. चालू इंजिनला रेस दिल्यावर तो वर जातो का, एवढंच ते बघत होते. बंद गाडीचा एक आकडा आणि चालू गाडीचा एक आकडा, या दोहोंमधला फरक म्हणजे चार्जिंग. एकट्या आकड्यावरून निकाल देणारा माणूस अंदाजपंचे बोलत असतो, मग तो कितीही मोठ्या दुकानात बसलेला असो.

मीटर कोणताही चालतो. एकाच डब्यात अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायची सोय ब्रिटिश पोस्टातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकॅडी यांनी काढली. १९२३ मध्ये ती अ‍ॅव्हो या नावानं बाजारात आली, आणि आपल्याकडच्या जुन्या वर्कशॉपांत ‘अ‍ॅव्होमीटर’ हाच शब्द अनेक वर्षं चालला. आमच्या नाशिकचंही या यंत्राशी नातं आहे, मोटवाने आणि ऋषभ या मीटर बनवणाऱ्या दोन कंपन्या इथल्याच. गाडीच्या या कामाला मात्र इलेक्ट्रिकच्या दुकानात टांगलेला पिवळा, दोनतीनशे रुपयांचा मीटरही पुरतो.

तो हातात घेतल्यावर एकच गोष्ट जपायची. काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल वायर ‘व्ही’ लिहिलेल्या भोकात, चकती डीसीच्या २० वर. शेजारी १० अँपिअरचं तिसरं भोक असतं. लाल वायर तिथे राहिली आणि तुम्ही टोकं बॅटरीला लावली, तर मीटर हा मीटर न राहता नुसता तारेचा तुकडा होतो आणि बॅटरीची दोन टोकं सरळ जोडली जातात. गाडीची बॅटरी शंभर-दीडशे अँपिअर सहज देते, सेल्फला ती रोज तेवढे देतेच. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुधा फ्यूजही नसतो. वायर हातात वितळते.

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना पहिलं मोजमाप घ्या. नुकतीच चालवून आणलेली गाडी १३ च्या आसपास खोटा आकडा दाखवते. तो वरवरचा फुगवटा असतो. घाई असेल तर एक मिनिट हेडलाइट लावून बंद करा, फुगवटा उतरतो. टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, त्यावरच्या पितळी क्लॅम्पवर नको. मग मुद्दाम क्लॅम्पवरही टेकवून पाहा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. खांबावर १०.५ आणि क्लॅम्पवर ८ दिसले, तर बॅटरी आणि अल्टरनेटर दोघेही निर्दोष आहेत. मधल्या पांढऱ्या-हिरव्या क्षाराचा तो गुन्हा, आणि त्याला गरम पाणी, खायचा सोडा आणि जुना टूथब्रश पुरतो. सेल्फच्या वेळी खुद्द खांबावरच आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर मात्र बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. आधी ती भरलेली होती ना, एवढं पाहायचं.

इथे एक हिशेब सांगतो, कारण तो बऱ्याच जणांना पटत नाही. सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो, पण ओढतो दोन सेकंद. तेवढं उसनं अल्टरनेटर दहा अँपिअरनं फेडायला लागला तर अर्ध्या मिनिटात फिटतं. बॅटरी संपते ती सेल्फमुळे नाही, पुढे अल्टरनेटर गप्प बसला तर संपते. पावसाळी रात्री हेडलाइट, वायपर, ब्लोअर, पेट्रोलचा पंप, इंजिनचा पंखा असं सगळं मिळून पंचवीस-तीस अँपिअर सहज जातात. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची. नाशिक ते खर्डी, सव्वा-दीड तास. माझी गाडी जिथे थांबली तिथेच थांबायला हवी होती.

इंजिन सुरू केल्यावर, काही चालू नसताना, समजा १४.२ आले. इथेच मीटर बंद करू नका. हेडलाइट हायबीमवर, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा. आकडा क्षणभर पडेल आणि परत सावरेल. इंजिनला थोडी रेस, दीड-दोन हजारांची, देऊन १३.५ च्या वर टिकला तर अल्टरनेटर काम करतोय. लोड नसताना १४ आणि लोड दिल्यावर १२.७ असं झालं, तर बेल्ट ढिला आहे किंवा आतला एखादा डायोड उडालेला आहे. पावसात सकाळी सकाळी बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर आधी बेल्टच बघा, पण इंजिन बंद करून. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही फिरत्या बेल्टजवळ नको.

उलट बाजूही असते. आकडा १५ च्या वर चढला तर रेग्युलेटर गेला. बल्ब पटापट उडतात, बॅटरीतलं पाणी उकळून आटतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास आला तर इंजिन बंद करा, ठिणगी टाळा आणि बॅटरी निवू द्या. अशी गाडी ‘चार्जिंग चांगलं आहे’ म्हणून आनंदानं चालवणारे मी पाहिलेत. हवामानाचाही थोडा भाग असतो. गरम बॅटरीला कमी व्होल्टेज पुरतं, त्यामुळे मे महिन्यात नागपूरला दुपारी १३.६ दिसले तरी घाबरू नये.

आता थोडं खोलात जाणारी तपासणी. चांगले चांगले कारागीर ती टाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे तीच वाचवते. आमच्या मेहुण्यांच्या गाडीला नवा अल्टरनेटर बसवला, तरी बॅटरीवर १२.९ च. गॅरेजवाला म्हणाला, पीस डिफेक्टिव्ह आलाय, दुसरा मागवू. आम्ही मीटरचं लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि काळं टोक बॅटरीच्या प्लस खांबावर ठेवलं. इंजिन चालू, हेडलाइट चालू. एकाच वायरची ही दोन टोकं, म्हणजे मीटरनं शून्याच्या आसपास दाखवायला हवं. ०.२ पर्यंत ठीक. आम्हाला दिसले १.३. वायर वरून धडधाकट होती, रबर मागे सारलं तर आतलं थिंबल काळं पडून अर्ध्या धाग्यांवर लटकत होतं. नवा अल्टरनेटर बिचारा १४.२ देत होता, वाटेत कुणीतरी कमिशन खात होतं. हीच परीक्षा अर्थच्या बाजूनंही करायची. एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर.

ओहम मोजून हा दोष कधीच सापडला नसता. साठ अँपिअर वाहत असताना ओहमाच्या शंभराव्या भागाएवढा अडथळासुद्धा ०.६ व्होल्ट खातो, आणि स्वस्त मीटरला ओहमाचा दहावा भाग धड दिसत नाही. वायर चांगली की वाईट हे तिच्यातून काम करून घेतानाच कळतं.

डायोडची परीक्षा पुस्तकांत अशी देतात की मीटर एसीवर टाकून बॅटरीवर लावा, अर्ध्या व्होल्टच्या आसपास एसी दिसला तर डायोड गेला. परीक्षा बरोबर आहे, पण आपल्या पिवळ्या मीटरवर करू नका. त्याची एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची असते, आणि ती डीसीलाही फसते. साध्या बॅटरीवर पंचवीस-अठ्ठावीस दाखवून तुम्हाला घाबरवते. त्याऐवजी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या अल्टरनेटरला सकाळी हात लावून बघा. तो कोमट लागला तर एक डायोड उलटा गळतोय आणि बॅटरी रात्रभर अल्टरनेटरला शेकत बसली होती. अशी अर्ध्या अँपिअरची गळती ३५ ची बॅटरी तीन दिवसांत झोपवते.

आणि ती जुनी युक्ती, चालत्या इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपटून ‘गाडी बंद पडली तर डायनामो खराब’ म्हणण्याची. डायनामोच्या काळात ती निभावून गेली असेल. अल्टरनेटरचा भार असा एकदम काढला की क्षणभरात व्होल्टेज चाळीस, साठ, त्याहूनही वर उसळतं, आणि त्या धक्क्यात रेग्युलेटरपासून इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत काहीही जाऊ शकतं. कुणी तुमच्या गाडीवर हे करायला पाना हातात घेतला, तर त्याचा हात धरा.

अलीकडच्या गाड्यांत थोडं सबुरीनं घ्यावं लागतं. तिथे अल्टरनेटरला हुकूम इंजिनचा कॉम्प्युटर देतो. पेट्रोल वाचवण्यासाठी तो बॅटरी भरलेली असताना १२.८ वर आणतो, ब्रेक मारताना १४.८ वर नेतो. अशा गाडीत एकदाच १२.८ पाहून अल्टरनेटर बदलायला निघू नका. हेडलाइट लावा, गाडी थोडी फिरवून आणा, पुन्हा मोजा. मारुतीनं २०१५ मध्ये सियाझला दिलेल्या हायब्रिड प्रकारात अल्टरनेटरच्याच जागी बसलेलं यंत्र सेल्फचंही काम करतं. विजेवरच्या गाडीत अल्टरनेटर नसतोच, पण छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते, आणि तिला मोठी बॅटरी एका कन्व्हर्टरमधून भरते. मीटर लावला तर गाडी ‘ऑन’ असताना आकडा इथेही वर जायलाच हवा.

माझ्या गाडीत शेवटी काय निघालं? दोन कार्बन. झिजून बोराच्या बीएवढे राहिलेले, रोटरला टेकत नव्हते. रोटर चुंबकच होत नव्हता, तर वीज कुठून येणार? त्या कारागिरांनी नवे कार्बन टाकले, इंजिन सुरू केलं, मीटरवर १४.१ आले. बॅटरीला मी जेवढे पैसे मोजले होते त्याच्या विसाव्या हिश्शात काम झालं. मी विचारलं, ‘पण डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा कसा लागला नाही?’ ते हसले. ‘साहेब, किल्ली ऑन केल्यावर लागत होता का?’ मी कधी पाहिलंच नव्हतं. जुन्या धाटणीच्या अल्टरनेटरमध्ये त्या दिव्याचा करंट त्याच कार्बनमधून रोटरमध्ये जातो. कार्बन टेकत नसले तर दिवा पेटायलाच वाट नसते. किल्ली ऑनवर फिरवली की दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. माझा नुसता विझलेला होता.

तेव्हापासून मीटर गाडीच्या कप्प्यात असतो. तुम्ही ठेवणार असाल तर त्याच्या आतल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीकडे लक्ष असू द्या. ती उतरत आली की हे स्वस्तातले मीटर आकडा वाढवून दाखवतात. बंद गाडीवर १३.४ आणि चालू गाडीवर १५.३ असं दोन्हीकडे जास्त दिसलं, तर आधी मीटरची बॅटरी बदला आणि मग बॉनेट उघडा.